घासून गेलेल्या रेकॉर्डींचा भाव

‘कुर्बानी’ची एल.पी. उन्हात तिरपी धरली की न वाजवताही ती बरंच काही सांगते. रेकॉर्डवर प्रत्येक गाण्याची एक पट्टी असते आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीकशी गुळगुळीत फट. तिरोड्यातल्या एका माळ्यावरून उतरवलेल्या या रेकॉर्डवरच्या बाकीच्या पट्ट्या अजून बऱ्यापैकी काळ्या आहेत. एक मात्र पार राखाडी पडलीय. ती ‘आप जैसा कोई’ची. लेबलवर लाल ऑइलपेंटने १७ हा आकडा घातलेला आणि त्याखाली माइकवाल्याच्या, म्हणजे लग्नांत भोंग्यावर गाणी वाजवणाऱ्याच्या, नावाची आद्याक्षरं. मूळ कव्हर केव्हाच गेलं. त्याच्या जागी कॅलेंडरच्या जाड कागदाची, दोऱ्याने शिवलेली पिशवी आहे.

मुंबईतला कोणताही जाणता संग्राहक ही रेकॉर्ड हातात घेईल, एकदा फिरवून बघेल आणि परत ठेवेल. खाचा झिजलेल्या, लेबलवर रंग, कव्हर गायब. म्हणजे तीनही परीक्षांत नापास.

या अंकासाठी संपादकांनी ‘गावाचा आवाज’ हा विषय दिला, तेव्हा डोक्यात दंडारीसारखं लोकनाट्य होतं, भजनी मंडळं होती. पण पूर्व विदर्भातल्या गावांनी आठवड्यामागून आठवडे मोठ्याने जे ऐकलं, ते भोंग्यावरचं गाणं होतं. ते वाजवणारी माणसं आता सत्तरीत आहेत आणि त्यांच्या पेट्या माळ्यांवर. त्याच काळातल्या डिस्को रेकॉर्डींसाठी जगभरचे हौशी लोक आज हजारो रुपये मोजायला तयार असतात. हे कळल्यावर तिरोड्यातल्या पेट्या आणि मुंबईतला बाजार, दोन्ही बघायचं ठरलं. बघितल्यावर जे दिसलं ते उलटंच होतं. भाव आहे तो फारशा कुणी न ऐकलेल्या रेकॉर्डींना. तालुका ज्यांवर नाचला, त्यांना कुणी विचारत नाही.

एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला डमडम

तिरोडा हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर आहे. आजच्या वाचकाला हे नाव अदानींच्या ३३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पामुळे माहीत असेल. आम्ही बोलतोय तो काळ त्याच्या खूप आधीचा. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. तोवर हे सगळं भंडारा जिल्ह्यात होतं. धान, विडी, तेंदूपत्ता, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा.

या लोहमार्गाचा आणि रेकॉर्डींचा संबंध गमतीचा आहे. हिंदी सिनेमाची गाणी एका टोकाला, मुंबईत, ध्वनिमुद्रित व्हायची. एच.एम.व्ही.च्या म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या रेकॉर्डी छापणारा जुना कारखाना दुसऱ्या टोकाला, कलकत्त्याजवळ डमडमला. पुढे पॉलिडोर ही दुसरी मोठी कंपनी आली. ‘शोले’चे संवाद आणि ‘कुर्बानी’ची गाणी तिने काढली. माल मात्र तिरोड्यात थेट उतरत नसे. माइकवाले नागपूरला नाहीतर गोंदियाला जायचे, दुकानात उभं राहून गाणं ऐकायचे आणि मगच पैसे द्यायचे.

डिस्को इथे आला तोही उशिराने आणि उलट्या वेळेला. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’ने अमेरिकेत त्याची लाट शिगेला नेली आणि दोनच वर्षांत लोकांना त्याचा वीट आला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्को रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. आपल्याकडे खरी सुरुवात झाली ती त्यानंतर. १९८० मध्ये फिरोज खानचा ‘कुर्बानी’ आला. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण ‘आप जैसा कोई’ हे एक गाणं बेंगळुरूत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव काढलेल्या बिद्दूने केलं. १९७४ चं ‘कुंग फू फायटिंग’ जगभर गाजवणारा निर्माता तो हाच. गायिका नाझिया हसन तेव्हा शाळकरी वयाची होती. पुढच्याच वर्षी तिचा ‘डिस्को दीवाने’ आला आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’. त्याचे संगीतकार बप्पी लाहिरी यांचं नाव मग मांडवामांडवांत पोचलं.

भोंगा, बॅटरी आणि चार आणे

डिस्को म्हटलं की शहरातल्या माणसाला अंधारी खोली, फिरते दिवे, चकाकता गोल आठवतो. तिरोडा तालुक्यात तो वाजला शेणाने सारवलेल्या अंगणात, भर दुपारी.

एका जुन्या माइकवाल्या काकांनी सरंजाम समजावून सांगितला. आता त्यांच्या मुलाचं बिछायत केंद्र आहे. काका गल्ल्यावर बसतात. गावात वीज असेलच असं नव्हतं, म्हणून अहुजाचा अँप्लिफायर मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. सुटकेससारखा बंद होणारा एच.एम.व्ही. फिएस्टा टॉर्चच्या सेलवर फिरायचा. दोन भोंगे बांबूला किंवा आंब्याच्या फांदीला बांधायचे, तोंडं दोन गावांकडे. रेकॉर्डींची पत्र्याची पेटी बैलबंडीत गोणपाटावर.

पहाटे देवाचं, मग हळदीचं, दुपारी जेवणाच्या पंगतीला ‘साधे’, आणि वरात निघाली की ‘नाचाचे’ असा क्रम ठरलेला असे. पेटीतल्या रेकॉर्डींना आकडे होते आणि कोणत्या आकड्यावर कोणती गाणी हे एका वहीत लिहिलेलं. अंधारात, गर्दीत, मदतनीस पोराला नुसतं “सतरा दे” म्हटलं की काम भागायचं.

“एकच गानं दहा डाव वाजवा लागे, भाऊ,” काका म्हणाले. “नाही वाजवलं त वरातीतले पोट्टे मशीनवर चालून येत. आन् वाजवलं त नाचून नाचून जमीन हलवत, सुई उडे. मंग चार आने ठेवा लागे.”

हे चार आणे कुणाला द्यायचे नसत. ते सुईच्या दांडीच्या डोक्यावर ठेवायचे. पंचवीस पैशांचं नाणं अडीच ग्रॅम वजनाचं. सुई उडू नये म्हणून हा भार. आज संग्राहक ज्या यंत्रावर रेकॉर्ड ऐकतात त्यात सुईचा दाब दीड-दोन ग्रॅमच्या आसपास ठेवलेला असतो आणि तो मोजायला वेगळा काटा मिळतो. फिएस्टासारख्या यंत्राचा स्वतःचाच दाब त्याच्या दुप्पट-तिप्पट. वर हे नाणं. सुईचं टोक केसापेक्षा बारीक, त्यामुळे एवढा भार खाचेच्या भिंतीवर अक्षरशः रंधा मारत जातो. त्यात सुई वेळेवर बदललेली नसली तर विचारायलाच नको. पहिल्यांदा जातात ते वरचे नाजूक आवाज: झांजेची चमक, ‘स’ आणि ‘श’. उरतो तो खरखरीतला गळा.

आणखी एक गोष्ट या यंत्रसामग्रीने ठरवली होती, आणि डिस्कोच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. डिस्कोचा प्राण खर्जात असतो. प्रत्येक मात्रेवर एक ठोका देणारा मोठा ड्रम, मिनिटाला सुमारे एकशेवीस ठोके, आणि त्याला लपेटून चालणारी बेस गिटार. पण भोंगा हे यंत्र दूरवर शब्द पोचवण्यासाठी बनलेलं. त्यातून खालचा खर्ज जवळजवळ येतच नाही. म्हणजे न्यूयॉर्कच्या क्लबात ज्या ठोक्याने छाती हादरायची तो ठोका इथे पोचलाच नाही. पोचल्या त्या टाळ्या, झांज, इलेक्ट्रॉनिक ड्रमचा खाली घसरत जाणारा ‘प्यूऽऽ’ आणि गायिकेचा आवाज. खालच्या अर्ध्या भागाची भरपाई वरातीतला डफडेवाला करायचा. काका सांगतात, भोंग्याच्या तालावर डफडं जुळवता येणारे वादक ते मुद्दाम सोबत घेत.

‘डिस्को’ म्हणून जे गाणं या भागात रुजलं ते असं अर्धं रेकॉर्डचं आणि अर्धं डफड्याचं होतं. रेकॉर्डवर त्यातलं अर्धंच सापडतं.

शुक्रवारी मटन स्ट्रीटवर

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुपारी तिरोड्यात मिळते आणि सकाळी मुंबईत सोडते. रेकॉर्डींसाठी मुंबईत कुठे जायचं याला जुनं उत्तर आहे: चोरबाजार. भेंडीबाजाराला लागून असलेल्या मटन स्ट्रीटवर एरवी जुन्या वस्तूंची दुकानं उघडी असतात. शुक्रवारी ती बंद राहतात आणि रस्त्यावरच बाजार भरतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, त्याची हळहळ वर्तमानपत्रांनी भरपूर छापली. पण जुन्या रेकॉर्डींचा व्यवहार तिथल्या काचेच्या कपाटांत कधी नव्हताच. तो इथे, ताडपत्रीवर.

गिऱ्हाईक कसं बघतं हे नुसतं उभं राहून पाहण्यासारखं आहे. अनुभवी माणूस आधी कव्हर बघत नाही. रेकॉर्ड बाहेर काढून, दोन तळहातांत कडेने धरून, उजेडाकडे तिरपी करतो. मग डोळ्यांच्या रेषेत आडवी धरतो. वाकलेली असली तर कड लाटेसारखी वरखाली दिसते. मग मधल्या भोकाभोवती बघतो. रेकॉर्ड यंत्रावर ठेवताना खुंटी चाचपडत फिरते, तिचे बारीक ओरखडे लेबलवर उमटतात. ते जितके कमी तितकी रेकॉर्ड कमी वाजलेली. शेवटी, लेबलाला लागून असलेल्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे वाचतो. त्यावरून छपाई मूळची की नंतरची हे ताडता येतं. नाक लावून बुरशीचा वासही घेतात. मुंबईच्या दमट हवेत कव्हरं बुरशी धरतात. विदर्भातल्या मालाला बुरशी कमी, पण मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली राहून रेकॉर्डी वाकतात. सपाट करायला दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात आणि तो दर वेळी लागू पडत नाही हेही सगळे सांगतात.

‘कुर्बानी’ मागितली की विक्रेता न बघता ढिगात हात घालतो. काही शे रुपयांत मिळते, कारण ती अफाट छापली गेली आणि अफाट खपली. ‘डिस्को डान्सर’चंही तेच; कव्हरासकट कोरी निघाली तर किंमत चढते. याउलट काही नावं उच्चारली की विक्रेता मान वर करून आपल्याकडे नीट बघतो.

न खपलेल्यांचं नशीब

त्यातलं पहिलं नाव चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गिटार, बेस आणि कळफलकाची वाद्यं वाजवणारा हा कलावंत स्वतःचा वाद्यवृंद घेऊन लग्नसमारंभांतही वाजवायचा. १९८२ मध्ये त्याने तीन नव्या जपानी यंत्रांवर एक एल.पी. केली: रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचं. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, खाली न थकता चालणारा यंत्राचा ठेका. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. मूळ हेतू बेस गिटारची नक्कल करण्याचा. चरणजित सिंगांच्या हातात ती मींडेच्या जवळ गेली.

एच.एम.व्ही.ने ती काढली आणि ती पडली. गाणं नाही, गायिका नाही, सिनेमा नाही; रागवाल्यांना ती नको होती आणि नाचणाऱ्यांना कळली नाही. पाचेक वर्षांनी शिकागोत हीच दोन छोटी यंत्रं वापरून तरुणांनी ‘अॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा नवा प्रकार उभा केला. ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही त्यातली पायाभूत रेकॉर्ड १९८७ ची. मुंबईतल्या एल.पी.चा त्यांना पत्ताही नव्हता. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत तिची प्रत मिळाली, त्याने पुढे मुंबईत चरणजित सिंगांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. वयाच्या सत्तरीत सिंग युरोपातल्या मंचांवर ते राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले.

दुसरं नाव रूपा. रूपा बिस्वास या बंगाली तरुणीने कॅनडात कॅलगरीला, सरोदवादक आशिष खान यांच्या साथीने ‘डिस्को जॅझ’ केली. १९८२ मध्ये कलकत्त्यात ती निघाली आणि विसरली गेली. तिकडे परदेशातल्या संग्राहकांनी तिचा भाव शेकडो डॉलरांवर नेला, आणि रूपांना ते बरंच उशिरा समजलं. २०१९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने ती नव्याने काढली.

या दोन्ही रेकॉर्डी दुर्मीळ का, तर फार प्रती निघाल्याच नाहीत. ज्या निघाल्या त्या घरात पडून राहिल्या, म्हणून कोऱ्या. भाव ठरवणाऱ्या दोन्ही गोष्टी, कमी प्रती आणि चांगली अवस्था, अपयशातूनच आल्या. बाजाराला दोष द्यायचं कारण नाही. दुर्मिळाला किंमत हे सगळीकडचंच गणित. शिवाय अशा शोधांमुळेच चरणजित सिंगांना हयातीत मान मिळाला. अडचण पुढे होते. बाजाराची ही आवड हळूहळू इतिहास म्हणून सांगितली जाऊ लागते. भारतातल्या डिस्कोवर परदेशात जे लिहिलं जातं त्यात चरणजित सिंग आणि रूपा ठळक असतात. वाचणाऱ्याला वाटावं, १९८२ मध्ये भारत हेच ऐकत होता.

आपल्याकडची आवडनिवड

मराठी माणसाला रेकॉर्ड जमवण्याचं वेड नवं नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेलं तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक अभ्यासकांना आजही उपयोगी पडतं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, नाट्यपदं, बुवा-बाईंची गायकी यांच्यावर या मंडळींनी केलेलं काम मोठं आहे.

डिस्को मात्र या परंपरेच्या उंबऱ्याबाहेर राहिला, आणि ते समजण्यासारखं आहे. आमच्या घरांतून तो ‘धिंगाणा’ होता. उसनवारीचा आरोपही खोटा नव्हता: ‘डिस्को डान्सर’मधल्या ‘जिमी जिमी’ची चाल ओटावान या फ्रेंच गटाच्या गाण्यावरून आलेली, ‘कोई यहाँ नाचे नाचे’ची बगल्सच्या गाण्यावरून. पण तिकडूनही उचलाउचल झालीच. बप्पी लाहिरींच्या १९८१ च्या ‘ज्योती’तलं ‘थोडा रेशम लगता है’ २००२ मध्ये अमेरिकी गायिका ट्रूथ हर्ट्सच्या ‘अॅडिक्टिव्ह’ या गाण्यात परवानगीविना वापरलं गेलं आणि प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं. २००७ मध्ये ब्रिटिश गायिका एम.आय.ए.ने ‘जिमी जिमी’वरून ‘जिमी’ गायलं. मराठी सिनेमानेही डिस्कोला मांडवात घेतलं. १९८७ च्या ‘गंमत जंमत’मधलं किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं ‘अश्विनी ये ना’, संगीत अरुण पौडवालांचं, आज वरातीत लागलं तर तिशीतली पोरंसुद्धा त्यावर नाचतात.

कॅसेट आली, मग धुमाल

माइकवाल्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या त्या कॅसेटमुळे. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेट गावोगाव पोचवल्या. “टेप उडे नाही,” काका म्हणतात. नाचून जमीन हलली तरी गाणं चालूच. चार आण्यांचं काम संपलं. नव्वदीच्या सुरुवातीला देशात रेकॉर्डींचं उत्पादनच आटोपलं. कबाड्यांनी त्या किलोने उचलल्या; काहींची घड्याळं झाली, काही धानाच्या शेतात पाखरं हुसकावायला दोरीला टांगल्या गेल्या.

मग भोंग्यातून कधी न आलेला तो खर्ज आला. गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव, दुर्ग या पट्ट्यात गणपती, दुर्गा आणि लग्नांत आज धुमाल वाजतो. गाडीवर रचलेले भलेमोठे स्पीकर, कॅसिओवर चाल धरणारा एक, ऑक्टोपॅडवर काठ्या मारणारा एक, आणि सोबत चामड्याची वाद्यं. कॅसिओवाला वाजवतो त्या चालींत बप्पीदा हमखास असतात. गायक नसतो, गाणं सगळ्यांना पाठ असतंच. भोंग्याच्या काळात जे दोन तुकडे वेगवेगळ्या दिशेने येत होते, वरून यंत्राचं गाणं आणि खालून डफडं, ते इथे एकाच गाडीवर बसले आहेत. फक्त आता खालचा ठोका इतका जोरात आहे की घरातली भांडी वाजतात आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पोलीस आणि आवाजाची मर्यादा हा वेगळा लेख होईल.

आधी वही उतरवा

हौशी तरुण आता तिरोड्यातही आहेत. नव्या यंत्रांवर रेकॉर्डी ऐकतात, ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ कापडाने पुसतात, नागपूर-मुंबईच्या लोकांशी अदलाबदल करतात. त्यातल्या एकाने माळ्यावरच्या पेटीतली, रंगाचे आकडे टाकलेली अख्खी चळत परत केली होती, कारण ‘कंडिशन नाही’. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. ऐकायलाच घ्यायची तर स्वच्छ प्रत घ्यावी.

पण ऐकण्यासाठी आता रेकॉर्डची गरज उरलेली नाही. ‘आप जैसा कोई’ कुणाच्याही फोनवर आहे, खरखरीशिवाय. फोनवर मिळणार नाही ती माहिती तिरोड्याच्या पेटीत आहे: कोणती पट्टी राखाडी झाली, कोणती कोरी राहिली, कोणत्या माइकवाल्याकडे किती आकड्यांपर्यंत रेकॉर्डी होत्या, पेटी एका माइकवाल्याकडून दुसऱ्याकडे विकली गेली तेव्हा लेबलवर कोणत्या रंगावर कोणता रंग चढला. बाजार या सगळ्याला डाग म्हणतो. पूर्व विदर्भातल्या गावांनी काय ऐकलं याची दुसरी नोंद कुठल्या कार्यालयात नाही.

सगळ्यात मोलाची आहे ती वही. काकांच्या वहीत आकडा, सिनेमा आणि गाणी, आणि समासात कुठे कुठे गावाचं नाव, त्यापुढे फुली. फुली म्हणजे त्या गावाने हे गाणं पुन्हा मागितलं. काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. हौशी पोरांनी रेकॉर्डी नाकारल्या तरी चालेल. वहीच्या पानांचे फोटो काढायला पैसे लागत नाहीत. तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या मराठीच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल: माइकवाले शोधायचे, लेबलं टिपायची, वह्या उतरून घ्यायच्या. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात तेव्हा ही सगळी म्हातारी माणसं एकेका गावात भेटतातच, आणि घरं रंगवायच्या निमित्ताने माळेही नुकतेच रिकामे झालेले असतात. पेटी कबाड्याला द्यायची असेल तर द्या. त्याआधी वही खाली उतरवा, आणि सतरा नंबरवर काय होतं ते विचारून घ्या.